शेजाऱ्याचं उघडं वायफाय: पाणपोई की चोरी?

निळी_खिडकी (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक नवीन जोडपं राहायला आलं. मी श्टुटगार्टजवळ राहते. इथे घरात इंटरनेट सुरू व्हायचं म्हणजे कंपनीचं पत्र येणार, मग तारीख मिळणार, मग त्या दिवशी माणूस सकाळी आठ ते संध्याकाळी चार यामध्ये कधीतरी उगवणार. तर वरची मुलगी संकोचत खाली आली आणि विचारलं, "दोनतीन आठवडे तुमचं वायफाय वापरलं तर चालेल का?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिले. शेवटी "नवऱ्याला विचारून सांगते" म्हटलं. नवऱ्याला विचारून सांगते! मी! साताऱ्याला आमच्या ओसरीवर उन्हाळ्यात माठ भरून ठेवलेला असायचा, येणाराजाणारा पाणी पिऊन जायचा. आजीने कधी कुणाला नाव विचारलं नाही.

पण माझ्या त्या गप्प होण्यामागे २०१३ सालचं एक पाकीट आहे. माझा मावसभाऊ इथे मास्टर्स करायला आला होता, खोली मिळेपर्यंत दीड महिना आमच्या सोफ्यावर होता. तो गेल्यावर दोन महिन्यांनी एका वकिली कंपनीचं जाडजूड पत्र आलं. आत आमचा आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेटवर आमच्या कनेक्शनचा नंबर), तारीख, सेकंदापर्यंत वेळ, एका इंग्रजी सिनेमाचं नाव आणि ८०० युरोंहून जास्त मागणी. दहा दिवसांत सही करून पाठवा, नाहीतर कोर्ट. याला इथे 'आबमानुंग' म्हणतात, म्हणजे वकिलामार्फत दिलेली समज. भावाला फोन केला तर म्हणतो, "ताई, मी फक्त डाउनलोड केला, कुणाला दिला नाही." टॉरेंटमध्ये उतरवून घेता घेता तुमचा संगणक तेच तुकडे इतरांना वाटत असतो, हे त्या बाळाला ठाऊक नव्हतं. पत्रातला आरोप उतरवल्याचा नव्हताच, वाटल्याचा होता.

आणि पत्र नावावर आलं ते माझ्या, कारण कनेक्शन माझ्या नावावर. तेव्हाचा कायदाच तसा होता. १२ मे २०१० ला इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक निकाल दिला. प्रकार घडला तेव्हा कनेक्शनचा मालक सुट्टीवर होता, घरात नव्हताच. त्याच्या वायफायवरून कुणीतरी एक गाणं वाटलं होतं. कोर्ट म्हणालं, नुकसानभरपाई त्याने देऊ नये, पण राउटरला स्वतःचा नीट पासवर्ड न ठेवता कारखान्यातून आला तसाच चालू ठेवला, म्हणजे गैरप्रकाराला वाट करून दिली. तेव्हा यापुढे असं होऊ न देण्याची जबाबदारी त्याची आणि समज देण्याचा खर्चही त्याच्याच माथी. या जबाबदारीला जर्मनमध्ये एक लांबलचक शब्द आहे, 'श्ट्योररहाफ्टुंग'. मी त्याचं मराठी करून पाहिलं: उपद्रवाला आडोसा दिल्याची जबाबदारी.

तर प्रश्न असा की तुमच्याकडे, तुमच्या गावात, तुमच्या देशात उघडं वायफाय म्हणजे काय समजतात? आणि कायदा काय म्हणतो?

वाकडी_मान

पहिला! तो सिनेमा कुठला ते आधी सांगा. ८०० युरोंच्या लायकीचा होता का?

सानपाडाकर

ताई, तुम्ही अगदी आमच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. माझा आयडी बघा, मग कळेल.

२६ जुलै २००८. अहमदाबादला बॉम्बस्फोटांची मालिका झाली, पन्नासच्या वर माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले कुठे, तर आमच्या सानपाड्यात, एका अमेरिकन गृहस्थाच्या भाड्याच्या फ्लॅटवर. त्याच्या वायफायला नीट कुलूप नव्हतं, कुणीतरी ते वापरून मेल धाडला होता. त्याच्या आधीपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये लॅपटॉप उघडला की पाचसहा नेटवर्कं दिसायची आणि त्यातली निम्मी उघडी. राउटर कंपनीचं नाव तेच नेटवर्कचं नाव. केबलवाला पोरगा यायचा, वायर खुपसायचा, दिवा लागला की पैसे घेऊन जायचा. पासवर्ड वगैरे आपण मागितला तर "कशाला काका, विसरायला होतं" असं म्हणायचा.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या बोर्डावर नोटीस. "ज्या सभासदांकडे वायरलेस आहे त्यांनी ते बंद तरी करावे किंवा त्यास कुलूप लावावे." कुलूप हा शब्द शब्दशः. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा खरोखर राउटर लाकडी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावून बसले. (रेंज थोडी कमी झाली, बाकी काही नाही.)

त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून, असे मेल जातच राहिले. मग जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की आम्ही लॅपटॉप घेऊन रस्त्यावर फिरणार, उघडं वायफाय सापडलं की मालकाला नोटीस. आणि इतकं होऊनही डिसेंबर २०१० मध्ये वाराणसीच्या स्फोटाचा मेल निघाला तो परत आमच्या वाशीतूनच, उघड्याच वायफायवरून.

तुम्ही माठ म्हणता. आम्हाला उघडं नेटवर्क दिसलं की अजूनही पोटात गोळा येतो.

काळा_कोट

भारतापुरतं सांगतो. सल्ला समजू नये, फी घेतलेली नाही.

दोन बाजू वेगळ्या करा. एक, दुसऱ्याचं वापरणारा. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३: मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणक किंवा संगणक नेटवर्कमध्ये प्रवेश केला तर भरपाई. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं की कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात 'पासवर्ड होता का' असं विचारलेलं नाही, 'परवानगी होती का' असं विचारलंय. आता दार सताड उघडं टाकणं म्हणजे परवानगी का? यावर दोन वकील बसवा, तीन मतं निघतील.

दुसरी बाजू, उघडं ठेवणारा. सानपाडाकरांनी सांगितलेल्या नोटिसा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ कलमाखाली होत्या, म्हणजे दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांना दिलेला प्रतिबंधाचा अधिकार. वायफाय उघडं ठेवणं हा गुन्हा आहे असं ते कलम म्हणत नव्हतं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना फर्मावलं की सार्वजनिक जागी वायफाय द्यायचं तर वापरणाऱ्याची ओळख पटवा: फोटो ओळखपत्राची प्रत वर्षभर जपून ठेवा, नाहीतर मोबाईलवर एसएमएसने लॉगिन पाठवा. आज जिथेतिथे ओटीपी मागतात त्याचं मूळ इथे आहे.

आणि २०११ चे सायबर कॅफेचे नियम वाचा एकदा. ओळखपत्र, वर्षभराची नोंदवही, आणि कप्प्यांच्या पार्टिशनची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको.

कर्वत_आणि_मी

काळा कोट साहेब, ते साडेचार फूट मी स्वतः मोजलेत हो. पुण्यात माझा कॅफे होता, बारा मशीन. पार्टिशनं सहा फुटी, सनमायका लावलेली. सुताराला बोलावलं, टेप लावली, दीड फूट वरून उडवलं. दोन दिवस सगळ्या कीबोर्डांत भुसा. एंटर दाबलं की करकर वाजायचं. दुपारच्या वेळी जोडीने येणारं गिऱ्हाईक त्या दिवसापासून जे गेलं ते गेलंच. धंद्याचा कणा होता हो तो!

नोंदवहीचं म्हणाल तर लोक काय वाट्टेल ते लिहायचे. एकाच महिन्यात माझ्याकडे चार 'सचिन तेंडुलकर' येऊन गेले. ओळखपत्राची झेरॉक्स सक्तीची केली तर माणूस म्हणायचा, "दहा रुपयांच्या नेटसाठी दोन रुपयांची झेरॉक्स?" आणि समोरच्या कॅफेत जायचा, जिथे मागत नव्हते.

वाकडी_मान

@कर्वत: अश्रू अनावर. सनमायका कुठल्या रंगाचा होता?

मिलान_ते_मिरज

ओळखपत्राचा वेडेपणा फक्त आपलाच नाही. मी २००९ ला मिलानला होते. लंडनच्या २००५ च्या स्फोटांनंतर इटलीने तातडीने एक अध्यादेश काढला होता, त्यांच्या गृहमंत्र्यांच्या नावाने 'पिझानू' म्हणून ओळखला जायचा. कॅफेत वायफाय हवं तर आधी पासपोर्ट काढा, मालक त्याची प्रत काढणार. कॉफी प्यायला दोन मिनिटं, कागदाला दहा. बहुतेक कॅफेवाल्यांनी ही कटकट नको म्हणून वायफायच दिलं नाही. २०१० च्या अखेरीस ती ओळखपत्राची सक्ती संपली. पकडलं कुणाला ते देव जाणे, पण पाच वर्षं अख्ख्या देशात कॅफेत बसून मेल बघायची चोरी.

ओटीपी_पीडित

आता माझं रडगाणं. न्यू जर्सीहून दोन वर्षांनी आले. मुंबई विमानतळ, पहाटे अडीच. फोनमध्ये अमेरिकेचं सिम, त्याला इथे रेंज पकडेना. घ्यायला आलेल्या भावाला फोन करायचाय. फुकट वायफायची पाटी भिंतीएवढी. जोडलं. "मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल." अगं बाई, नंबर चालत असता तर वायफाय कशाला मागितलं असतं? शेजारी एक इस्रायली मुलगा त्याच पानाकडे बघत उभा. शेवटी एका सफाईवाल्या मावशींनी आपला फोन दिला. मी भावाचा नंबर दाबला, त्या मुलाने हॉटेलचा. मावशींनी दोघांपैकी कुणालाही ओळखपत्र मागितलं नाही.

(नंतर कळलं की पासपोर्ट दाखवून कूपन देणारं मशीनही असतं. मला दिसलं नाही, पहाटे अडीचला काय दिसणार.)

निळी_खिडकी

@ओटीपी_पीडित: त्या मावशींना माझा नमस्कार.

@वाकडी_मान: सिनेमा भुताचा होता. भाऊ म्हणतो, अर्ध्यात झोप लागली.

इथली पुढची गोष्ट राहिली. म्युनिकच्या बाजूला टोबियास मॅकफॅडन नावाचे एक दिवे आणि ध्वनियंत्रणा विकणारे दुकानदार आहेत. त्यांनी दुकानाचं वायफाय मुद्दाम उघडं ठेवलं होतं, आजूबाजूच्या लोकांचं लक्ष दुकानाकडे जावं म्हणून. २०१० मध्ये कुणीतरी त्यावरून एक संगीत वाटलं, सोनी कंपनीने पत्र धाडलं, हा गडी पैसे भरण्याऐवजी कोर्टात गेला आणि प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात. १५ सप्टेंबर २०१६ ला निकाल: दुकानदाराकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही, पण कोर्ट त्याला पासवर्ड लावायला सांगू शकतं, आणि तो पासवर्ड घेणाऱ्याने आपली ओळख द्यायची. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये जर्मनीने कायदाच बदलला आणि वायफाय देणाऱ्याच्या मानेवरचं जोखड काढलं. आता फार तर अमुक एक गोष्ट तुमच्या राउटरवर अडवा, एवढं मागता येतं.

आणि वापरणाऱ्याचं? वुपर्टाल गावच्या न्यायालयाने २००७ मध्ये एका माणसाला शेजाऱ्याचं उघडं वायफाय वापरल्याबद्दल दोषी ठरवलं. तीन वर्षांनी त्याच गावात दुसऱ्याला तशाच आरोपातून सोडलं. गाव तेच, कायदा तोच.

सातबारा_ऑनलाइन

पण ताई, जर्मन लोक मुळातच तंत्रज्ञानाला घाबरतात ना? ऐकलंय की अजून फॅक्स चालतो. आणि म्हणे गूगलच्या रस्त्यांच्या फोटोंत लोकांनी आपली घरंच पुसून घेतली. आपल्याकडे बघा, भाजीवालीकडे क्यूआर कोड.

निळी_खिडकी

फॅक्सबद्दल मी काही बोलणार नाही, कोरोनात इथली आरोग्य कार्यालयं रुग्णांचे आकडे फॅक्सने कळवत होती. घरं पुसली तेही खरं, २०१० मध्ये जवळजवळ अडीच लाख घरांनी तसा अर्ज केला. पण 'घाबरतात' हे मला पटत नाही. त्याच वर्षी काय उघड झालं होतं, आठवतं? ती फोटो काढणारी गाडी जाता जाता लोकांच्या उघड्या वायफायमधून जाणारा मजकूरही टिपून घेत होती. हॅम्बुर्गच्या माहिती संरक्षण कार्यालयाने खोदून विचारलं म्हणून कंपनीला कबूल करावं लागलं. माझी घरमालकीण पूर्व जर्मनीत वाढली. तिच्या वडिलांवर शेजाऱ्यानेच नजर ठेवून फाईल बनवलेली, ती तिने नंतर स्वतः वाचली. ती गूगलला घर दाखवत नाही, पण ७४ व्या वर्षी व्हिडिओ कॉलवर नातवाला गणित शिकवते. पश्चिमेकडेही १९८३ मध्ये जनगणनेतल्या प्रश्नांवरून एवढं काहूर माजलं की घटना न्यायालयाला 'आपल्या माहितीवर आपला हक्क' असं तत्त्व मांडावं लागलं. यांना यंत्राचं वावडं नाही. नोंदवहीचं आहे.

आपल्याकडे उलटं. आपल्याला नोंदवहीचं काही वाटत नाही, लिफ्टच्या आधी, सोसायटीच्या गेटवर, सगळीकडे नाव आणि नंबर लिहितोच की आपण.

तालिनची_थंडी

एस्टोनियातून हजेरी. इथे तेरा लाखांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम जिल्हाही नाही. उघड्या वायफायचं इथे कुणाला काही वाटतच नाही. व्हेल्यो हामर नावाच्या माणसाने २००० नंतरच्या पहिल्या वर्षांतच कॅफे आणि पेट्रोल पंपवाल्यांना गाठून गाठून 'चहाबरोबर साखर देता तसं इंटरनेट द्या' या धर्तीवर पटवलं आणि जिथे वायफाय तिथे पाट्या लावल्या. सरकारने १९९६ पासूनच शाळांत संगणक नेले होते, त्या योजनेचं नाव 'वाघाची झेप'. २००५ पासून घरबसल्या मतदान करता येतं आणि २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं ऑनलाइन पडली.

आणि हेही रशियाखाली भरडलेलेच लोक बरं का, पाळत यांनीही भोगली. मग जर्मनांसारखे बिचकत का नाहीत? मला वाटतं, इथे माझी माहिती कुठल्या खात्याने कधी उघडून बघितली ते मला दिसतं. मागच्या वर्षी पोलिसांनी माझ्या गाडीची नोंद बघितली, मी संध्याकाळी घरी बसून वाचलं. नोंदवही आहे, पण तिच्यात डोकावणाऱ्याचंही नाव लिहिलं जातं.

गावठी_राउटर

रत्नागिरी जिल्हा, लांज्याच्या आत. तुमचं सगळं वाचतोय आणि हसतोय. आमच्याकडे प्रश्न वायफाय उघडं की बंद हा नाही, आहे का हा आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातली एक पशुवैद्यकीय शिकणारी मुलगी डोंगरावर झोपडी बांधून तिथे लेक्चरं ऐकायची, पेपरात आलं होतं. आमच्याकडे तशा झोपड्या नाहीत, पण 'रेंजचा कातळ' आहे. त्यावर संध्याकाळी निम्मं गाव.

मग ग्रामपंचायतीत फायबर आलं. ग्रामसेवकांनी पासवर्ड लावला, कारण वरून तसं सांगितलेलं. आठ दिवसांत पासवर्ड खडूने पंचायतीच्या मागच्या भिंतीवर. पुसला, नवीन लावला, तोही भिंतीवर. कोण लिहितं ते सगळ्यांना माहीत, शिपायाचाच मुलगा. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "नळाला मीटर नाही तर याला कशाला? फक्त रात्री दहाला बंद करा, पोरं घरी जात नाहीत." आता दहाला शिपाई बटण बंद करतो, आणि पोरं "लाईट गेली!" असं ओरडून घरी जातात.

हमालीचा_अभ्यास

रेल्वेचं वायफाय विसरलात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेलटेल (रेल्वेचीच कंपनी) आणि गूगलने सुरू केलं, जून २०१८ पर्यंत ४०० स्टेशनं झाली. त्याच साली एर्नाकुलम स्टेशनवरचा एक हमाल ओझी वाहताना कानात धडे ऐकून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. ओटीपीवालंच होतं ते पण. २०२० मध्ये गूगलने काढता पाय घेतला, कारण तोवर मोबाईलचा डेटाच मातीमोल झालेला.

आमच्या स्टेशनवर मी त्यावर पोलीस भरतीचा अभ्यास केला. शेवटच्या बाकड्यावर सिग्नल चांगला, आणि त्या बाकड्यासाठी भांडणं.

चहा_टपरी

पीएम-वाणीचं कुणी बोललंच नाही. सार्वजनिक वायफायची योजना, डिसेंबर २०२० ला केंद्राने मंजूर केली. टपरीवाला, किराणावाला कुणीही वायफाय विकू शकतो, परवाना नको, नोंदणीची फी नको. जुना एसटीडी-पीसीओ आठवा, तसंच. ओळख पटवायचं काम ॲप करतं, टपरीवाल्याने झेरॉक्स गोळा करायची नाही. कागदावर झकास. मी चौकशी केली, तर कंपनीने घरगुती कनेक्शनवर चालणार नाही, लीज लाईन, म्हणजे धंद्यासाठीची वेगळी महागडी लाईन, घ्या म्हणून सांगितलं. दर ऐकून हातातला चहा गार झाला. २०२५ च्या जूनमध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) म्हटलंय की अशा दुकानदाराला घरगुती फायबरच्या दुपटीपेक्षा जास्त दर लावू नका. परत चौकशी करणार आहे. पण खरं सांगू, गिऱ्हाईक विचारतं का? त्याच्याकडे रोजचा दीड जीबी असतोच. मला वायफाय विचारणारं एकच गिऱ्हाईक, महिनाअखेरीला रिचार्ज संपलेली कॉलेजची पोरं. त्यांना मी माझा हॉटस्पॉट देतो, चहा दोन घ्या म्हणतो.

काळा_कोट

@चहा_टपरी: हे तुम्ही इथे लिहायला नको होतं. :)

सानपाडाकर

धागालेखिकाताई, सगळं झालं, पण वरच्या मुलीला शेवटी दिलं का?

निळी_खिडकी

दिलं हो. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं, ते चालू केलं, टॉरेंट बंद, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वर नेऊन दिला. कायदा बदललाय हे माहीत असूनही टॉरेंट बंद करताना हात आपोआप गेला, २०१३ चं भूत. तेव्हा वकील बाईंनी मजकूर बदललेल्या हमीपत्रावर सही करवली आणि रक्कम निम्म्याखाली आणली. भावाने हप्त्याने फेडली, अजून दर दिवाळीला चिडवतो आम्ही त्याला.

वाकडी_मान

पाहुण्या नेटवर्कचं नाव काय ठेवलंत?

निळी_खिडकी

'पाणपोई'. देवनागरीत.

गावठी_राउटर

बसलं का? नावाला ३२ बाइट मिळतात आणि आपलं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे दहा चिन्हांत आटपावं लागतं. मी 'ग्रामपंचायत' लिहायला गेलो तर शेवटचा 'त' बाहेर राहिला.

निळी_खिडकी

बसलं, सहाच चिन्हं आहेत. चिठ्ठीवर नाव लिहायचं मात्र विसरले. संध्याकाळी ती मुलगी फोन घेऊन खाली आली, यादी पुढे धरली आणि म्हणाली, "हे जे मला वाचता येत नाही, ते तुमचं ना?"